छप्पर आणि चूल

समोर दिसतंय ते घर आहे की नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळत असे. माझा नातू इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "आजोबा, घर तर दिसतंच की. त्यात ठरवायचं काय?" त्याला मी म्हणतो, बाबा, तू घरं बांधतोस, मी घरं ओळखत होतो. दोन्ही धंदे वेगळे.

परभणीच्या तहसील कचेरीत मी खानाशुमारीचा अहलकार, म्हणजे कारकून, होतो. खानाशुमारी म्हणजे घरांची मोजदाद. निजामाचं राज्य, लिखापढी सगळी उर्दूत. गावोगाव फिरायचं, एकेक इमारत बघायची, तिचा वर्ग लावायचा, दाराच्या चौकटीवर गेरूने नंबर टाकायचा आणि पुढच्या दारी जायचं. माझ्यासोबत एक चपराशी असे, गेरूचा डबा आणि कुंचला त्याच्याकडे. गावात शिरलो की कुत्री आधी त्याच्यावर धावत, मग माझ्यावर. आमच्या खात्यातला मानपान एवढाच.

प्रत्येक इमारतीला आम्ही दोन प्रश्न विचारत असू. पहिला, ही कशाची? दगड-चुन्याची असेल तर पुख्ता. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर नीमपुख्ता. कुडाच्या भिंती, वर पाचट किंवा कडबा असेल तर खाम, म्हणजे कच्ची. हे डोळ्यांनी दिसतं, नवशिक्यालाही जमतं. दुसरा प्रश्न, ही कशासाठी? राहायचं घर, दुकान, गोठा, देऊळ, मशीद, चावडी, जिनिंग. इथे मात्र डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पाथरीला एक धर्मशाळा होती. बांधणीने शंभर टक्के धर्मशाळा, पण आतल्या एका ओवरीत एक कुटुंब इतकी वर्षं राहत होतं की त्यांची मुलगी तिथूनच सासरी गेली आणि बाळंतपणाला तिथेच परत आली. जिंतूरच्या एका जिनिंगमध्ये हंगाम संपला की लग्नं लागत. मी गेलो तेव्हा कापसाच्या ढिगाऐवजी बोहलं दिसलं. आता लिहायचं काय? वर्ग एकच लावायचा असे. "थोडं हे, थोडं ते" लिहायला जागा नव्हती.

गिऱ्हाइकंही तशीच. जिंतूरच्या एका कापडवाल्याने घरपट्टी कमी लागावी म्हणून दगडी दर्शनी भिंतीवर शेणामातीचा गिलावा चढवला आणि मला म्हणाला, "बगा मुन्शीजी, खाम हाय समदं." घराला वळसा घालून मागे गेलो. मागची भिंत सारवायला बिचारा विसरला होता. चुन्यातला घडीव दगड छान चमकत होता. त्याच्या उलट पाथरीचा एक गृहस्थ. घर दगड-मातीचं, पण हट्ट असा की पुख्ता लिहा. पट्टी वाढेल म्हणून मी दहादा बजावलं. तो म्हणाला, "वाढू द्या. पोरीला बगायला पाव्हणे यायलेत. कचेरीत जाऊन इचारतात म्हणे, घर पुख्ता हाय का खाम." मी नियमाप्रमाणे नीमपुख्ता लिहिलं. लग्न जमलं की नाही ते पुढे कळलं नाही, पण ते जमलं असावं असं मला अजून वाटतं.

दुसरी लढाई लागली आणि या कामाचा रंग बदलला. घासलेट, साखर, कापड सगळ्यावर कंट्रोल आलं. तोवर लोक आम्हाला टाळत, आता शोधू लागले. कारण वाटप घरागणिक व्हायचं. घराला नंबर असेल तर कार्ड, नसेल तर काही नाही. मग घर कशाला म्हणायचं याचा पक्का नियम आला. डोक्यावर छप्पर हवं आणि खाली स्वतःची चूल हवी. एका वाड्यात चार भाऊ राहत असले आणि चुली चार असल्या तर घरं चार. चाळीस माणसं एका चुलीवर जेवत असली तर घर एक. ही व्याख्या कुठल्या साहेबाने काढली माहीत नाही, पण माणूस आपल्यातला असावा. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले असं कोणी म्हणत नाही, चुली वेगळ्या झाल्या असंच म्हणतात.

या नियमाने माझ्या हातून एक गोष्ट करून घेतली ती मला आवडली नाही, ती इथेच सांगून टाकतो. पालमच्या रस्त्याला एका माळावर मेंढरांचा तळ होता. धनगराची बाई तीन दगडांवर भाकरी थापत होती. चूल होती, छप्पर नव्हतं. मी पुढे निघालो तर तिने हटकलं, "आमाला न्हाई का लिवायचं?" मी नियम सांगितला. ती म्हणाली, "छप्पर न्हाई म्हून आमी बी न्हाई का?" मी चपराशाला पुढे चल म्हणालो. नियम पाळला आणि वाईट वाटलं, एवढं खरं.

आता गयाबाईची गोष्ट. इतकी घरं पाहिली, पण डोळे मिटले की तिचंच दार समोर येतं.

गाव गोदावरीच्या दक्षिणेला, पालमच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, माणसं अजून नांदती आहेत. गावच्या मधोमध पोलीस पाटलाचा चिरेबंदी वाडा. पाटलाचं नाव माणिकराव. त्याचा थोरला भाऊ वारला होता. मूलबाळ नव्हतं. गयाबाई ही त्या भावाची बायको. वाड्याच्या मागच्या अंगाला, थोडा सुटा, जुना गोठा होता. त्याचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. मी वर्ग लावत लावत त्या दाराशी आलो तर उंबऱ्यावर रांगोळी. गोठ्याला कोणी रांगोळी काढत नाही, म्हणून आत डोकावलो.

आत एक बाई शेणाने जमीन सारवत होती. चाळिशीची असेल. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, भिंतीला लागून लांबलचक गव्हाण. त्या गव्हाणीत तिचा संसार मांडलेला होता. एका टोकाला घासलेली भांडी, मग पिठाचं मडकं, मग घडी घातलेली दोन लुगडी, पार दुसऱ्या टोकाला देव. दावणीच्या खुंट्याला दोन शेळ्या. कोपऱ्यात चूल.

"इथं कोण राहतं?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "ल्हिवा. गयाबाई. घर माजं."

मी लिहायला सुरुवात केली तोच मागून आवाज आला, "काय ल्हियायलाव मुन्शीजी?" माणिकराव दारात उभा होता. बोलणं शांत, पण दार पूर्ण अडवलेलं. "गोठा हाय ह्यो. गव्हाण हाय, दावण हाय, खुंटे हायत. तुमाला दिसत न्हाई का?"

"चूल आहे," मी म्हणालो.

"बैलाचं आंबोण शिजवायची चूल हाय ती. सगळ्या गोठ्यात असती."

हे मात्र खरं होतं. दुभत्या जनावराला सरकी-भरड्याचं आंबोण शिजवतात, त्यासाठी गोठ्यात चूल असते. नुसत्या चुलीने काम भागणार नव्हतं. तिच्यावर माणसाचं अन्न शिजतं हे दिसायला हवं होतं आणि त्या घटकेला चूल विझलेली होती. गयाबाई म्हणाली, "भावजी, मी रोज हितं भाकर करती, समद्या गावाला ठावं हाय." पाटील म्हणाला, "वयनी आमच्यात जेवतात, हेबी समद्या गावाला ठावं हाय. इचारा कुनालाबी." आणि गल्लीत जमलेल्या चारपाच जणांकडे त्याने नजर फिरवली. ते सगळे माळवदाकडे बघू लागले. पोलीस पाटलाच्या गावात पाटलाविरुद्ध साक्ष द्यायला कोण उठणार?

माणिकराव वाईट माणूस होता असं माझं म्हणणं नाही. नंतर त्याने मला बाजूला घेतलं आणि पोटातलं सांगितलं. "मुन्शीजी, पाटलाच्या वाड्यात दोन चुली? भाऊ मेला आन् भावजयीला गोठ्यात घातली, असं लोक माज्या तोंडावर म्हनतील. तिनं माज्या घरात राहावं, पोटभर जेवावं. मी काय न्हाई म्हनलो का?" त्याला लाज वाटत होती आणि ती खरी होती. शिवाय वाड्यातलं दळणकांडण करायला एक हात कमी झाला होता, हे तो बोलला नाही, पण तेही खरंच होतं.

गयाबाईला मी वेगळं विचारलं. बाई, वाड्यात जागा आहे, दोन वेळचं आहे, मग हा हट्ट कशाला? ती सारवणाचे हात धुता धुता म्हणाली, "भाकर मिळती की. पर मागून खावी लागती. मालक होते तवा मी वाढत होते, आता मागायलीय. हितं कोरडी खाईन, पर माज्या हातानं घेऊन खाईन." मग म्हणाली, "तुमी गोठा ल्हिलं तर ते उद्या बैल आनून बांधतील. दोनदा बांधलाय. मी सोडून दिला. पर सरकारानंच गोठा म्हनलं तर मग बैलाचाच हक की."

मला तिचं बोलणं पटलं, पण पटणं आणि लिहिणं यांत कचेरी आडवी येते. नंबर म्हणजे मालकी नव्हे, हे मलाही माहीत होतं. पण गावात नंबराला वजन होतं. नंबर मिळाला की कार्ड तिच्या नावाचं होणार, घासलेट, कापड तिच्या हातात पडणार आणि तिची चूल वेगळी आहे हे सरकारनेच मान्य केल्यासारखं होणार. नाहीतर ती पाटलाच्या चुलीवरचं एक माणूस. मी "तंट्यात" असा शेरा मारला. तंट्यातल्या इमारतींचा निकाल परताळ्याच्या दिवशी साहेब स्वतः करत.

परताळा म्हणजे फेरतपासणी. त्याची रीत अशी की तो न सांगता होतो. साहेब कुठल्या गावी जाणार हे आम्हालाही निघताना कळे. साक्षी-पुरावे ऐकायचे नाहीत, डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. आमचे साहेब खास हैदराबाद शहरातले. उंच, सडपातळ, शेरवानीची सगळी बटणं लावलेली. बोलायचे दख्खनीत, हसायचे क्वचित आणि नियमाला असे चिकटून की चपराशी त्यांना माघारी "कायदा साहेब" म्हणायचा. पाटलाला मी त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. तो म्हणाला, "येऊ द्या. साहेब येशीत दिसले की बैल आत. मग बगू घर हाय का गोठा." हे तो माझ्या तोंडावर म्हणाला. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती.

पुढे थंडीच्या दिवसांत एका सकाळी गंगाखेडच्या मुक्कामी साहेबांनी त्याच गावाचं नाव घेतलं. बैलांची दमणी जोडली, निघालो. रस्त्याने बघतो तर शेतं माणसांनी फुललेली. बायका, पोरं, म्हातारी माणसं, कुत्रीसुद्धा रानात. जागोजाग कडब्याच्या पेंढ्यांची खोपटी उभी केलेली. दमणी दिसली की लोक हात हलवून ओरडत, "या, जेवायला या!" साहेब चक्रावले. "क्या जी मुन्शीजी, मेला है क्या?"

आणि मग माझी ट्यूब पेटली. येळवस! मार्गशीर्षातली अवस. लातूर-उदगीरकडचा हा मोठा सण गोदावरीच्या दक्षिणेकडच्या आमच्या काही गावांतही पाळतात. आदल्या रात्रीपासून रांधायचं, सकाळी सगळं डोक्यावर घेऊन घरादाराला कुलूप लावून रानात जायचं, पिकाची पूजा करायची, दिवसभर तिथेच जेवायचं आणि येईल त्याला जेवू घालायचं. मी परभणी शहरातला. आमच्याकडे येळवस नाही, म्हणून माझ्या ध्यानात नव्हती. आणि कचेरी फसलीचे, म्हणजे निजामाच्या सरकारी सालाचे, महिने बघून चालणारी, तिला अमावस्या कुठली दिसणार? घरं तपासायला आम्ही नेमका असा दिवस गाठला होता की अख्ख्या गावात माणूस सापडणार नव्हता.

मी साहेबांना म्हणालो, "हुजूर, आज गाव बंद आहे. उद्या येऊ." साहेब म्हणाले, "परताळा बोले तो परताळा. जो दिखेगा वो लिखेंगे."

गावात शिरलो. वेशीत शुकशुकाट. चावडीला कुलूप. कोतवालसुद्धा रानात. पहिलं दार, कुलूप. दुसरं, कुलूप. शेजाऱ्याला विचारावं तर शेजारीही कुलूपबंद. पाटलाच्या वाड्याला तर हातभर लांबीचं कुलूप. साहेबांनी दिंडी दरवाजाची कडी स्वतः वाजवून बघितली, वरच्या बाजूला नजर टाकली, कुठे धूर नाही. ते म्हणत गेले, "बंद," आणि मी लिहीत गेलो, बंद, बंद, बंद. नियमाने या गावात एकही घर नव्हतं. छपरं पुष्कळ, चूल एकही नाही. चपराशी गेरूचा डबा न उघडताच मागून चालत होता आणि हसू दाबत होता.

गल्लीच्या वळणावर साहेब थांबले. "वो क्या है?"

वाड्याच्या मागून धूर येत होता. सरळ, पांढरा, एकटाच.

मागच्या गल्लीत आलो. दारात रांगोळी. आत गयाबाई चुलीपुढे. चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. आमची चाहूल लागली तशी ती पदर सावरून उठली. मला तिने ओळखलं आणि मागे शेरवानी बघून काय ते समजली. चेहरा पांढरा पडला, पण डाव हातातला सोडला नाही.

"बाई, तुम्ही रानात गेला नाहीत?" मी विचारलं.

"भावजीनं सांगावा धाडला व्हता," ती म्हणाली. "सनाचं चला म्हनले. पर गेले असते तर तेंच्या पंगतीत बसावं लागलं असतं. पंगतीत बसले की चूल एक झाली. मग वरीसभर भांडून काय उपेग?" तिने चुलीकडे बघितलं. "येळवशीला घरी बसनं चांगलं न्हाई म्हनतात. देवाला म्हनले, औंदा माफ कर. ज्येला रानात जायचं त्येला रांधायची घाई. मला कुटं जायचंय? सावकाश करायलीय."

मी साहेबांना त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते आत येऊन एकेक वस्तू बघत होते. गव्हाण बघितली. खुंटे बघितले. शेळ्या बघितल्या. मग चुलीशी वाकून विचारलं, "ये किस का खाना है? बैलां का?"

गयाबाईला तेवढं समजलं. "बैल रानात गेल्यात साहेब. ही भज्जी हाय. मानसांची."

साहेबांनी डावातली भज्जी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तूर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, चिंच, बेसन. बाजूला आंबिलीचं मडकं. चुलीपुढे बाजरीचे उंडे. एकट्या बाईने वाटेवरच्या पाहुण्याचाही हिशेब धरून रांधलं होतं, कारण येळवशीला तशीच रीत आहे. मग ती म्हणाली ते अगदी सहज. "उन्हातून आलाव. बसा, जेवून जावा."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब खाली बसण्याच्या बेतात होते, पण मधेच ताठ झाले. "पहले लिखो," मला म्हणाले. "बाद में लिखे तो लोगां बोलेंगे, खिला के लिखाए. लिखो मुन्शीजी. छप्पर है, चूल्हा जल रा है, आदमी का खाना है. मकान."

मी लिहिलं. चपराशाने गेरूचा डबा उघडला आणि विचारलं, नंबर कोणता? जुन्या यादीत पहिला नंबर पाटलाच्या वाड्याचा होता. सगळ्याच गावांत तो पाटलाचाच असतो. साहेब म्हणाले, परताळ्याचा नंबर परताळ्यात सापडेल त्या क्रमाने. आज सापडलेलं पहिलं घर कुठलं? आजचं पहिलं आणि एकमेव घर हेच होतं. चपराशाने चौकटीवर जाड एक काढला आणि खाली मुद्दाम एक रेघ ओढली.

गयाबाईने आकड्याकडे पाहिलं. "घर म्हनून ल्हिलं न्हवं?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. ती आत गेली आणि तीन पत्रावळी मांडल्या. साहेब गव्हाणीला टेकून बसले. आंबिलीचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "हौ, ये जानवरां का खाना नहीं है." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उरलेली घरं नोंदवायला साहेब आले नाहीत, मी चपराशाला घेऊन गेलो. माणिकराव दारात वाटच बघत होता. दोनचा आकडा काढताना त्याने चपराशाचा हात धरला. "माज्या दारावर दोन? आन् गोठ्यावर एक?" मी म्हणालो, "पाटील, साहेबांची सही झाली. तुम्ही काल घरी असता तर..." त्याने हात सोडला. "येळवशीला घरी कोन बसतं?" तो म्हणाला, आणि त्याच्याही लक्षात आलं की कोण बसलं होतं. तो पाठ फिरवून वाड्यात गेला. आकडा मात्र त्याने कधी पुसला नाही. चिडला तरी सरकारी नंबर पुसणारा पाटील तो नव्हता.

पुढच्या वाटपाला मी चावडीवर हजर होतो. दुकानदार नंबराने पुकारा करायचा. "घर नंबर एक!" सगळ्यांच्या माना सवयीने पाटलाकडे वळल्या. मागून गयाबाई उठली, हातात घासलेटची बाटली. गर्दीने वाट दिली. ती बाटली भरून घेऊन कोणाकडे न बघता गेली. मग "घर नंबर दोन." मला त्या क्षणी खात्याचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हरकत नाही. असे प्रसंग कारकुनाच्या वाट्याला फार येत नाहीत.

नंतर अठ्ठेचाळीस साल आलं. त्या धामधुमीत आमच्या भागातली कितीतरी गावं उठली. येळवशीला कुलपं लागतात तशी कुलपं लागली, पण संध्याकाळी कोणी परतलं नाही. कोणी कोणाचं काय केलं हे सांगायला मी बसलेलो नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. राज्य बदललं. आमचे साहेब हैदराबादला गेले ते पुन्हा भेटले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. कळायला हवं होतं असं फार वाटतं. नव्या सरकारने विचारलं, कुठल्या गावात किती घरं वसती आहेत, जाऊन बघा. गावं तीच आणि माणूसही तोच, म्हणून मलाच पाठवलं. चपराशी नवीन होता.

त्या गावात गेलो. निम्मी दारं बंद होती. पाटलाचा वाडा जळाला होता. चिरेबंदी भिंती उभ्या, पण आतलं सागवान सगळं गेलेलं. पुख्ता इमारत, वर आभाळ. आमच्या व्याख्येत ते आता घर नव्हतं. दोनचा आकडा काजळीखाली अर्धा दिसत होता. मी "छप्पर नाही" असं लिहिलं आणि वळसा घालून मागच्या गल्लीत आलो.

गोठा सुटा होता, म्हणून वाचला होता. चौकटीवर एक तसाच. दारात माणिकराव खाली बसला होता, दाढी वाढलेली, पायात वहाण नाही. आत त्याची बायको, सून, दोन नातवंडं. धामधुमीत निजामाच्या सरहद्दीपलीकडे गेलेले, ते आठवड्यापूर्वी परतले होते. गयाबाई गावातच राहिली होती. "शेळ्या घिऊन कुटं जाऊ?" असं म्हणाली म्हणे. ती चुलीपुढे होती. केस पांढरे झाले होते.

मला बघून पाटील उठला. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो सगळ्या दारी विचारावाच लागतो, टाळता येत नाही.

"चुली किती?"

पाटलाने आत पाहिलं. गयाबाईने भाकरी उलटली, मान वर केली नाही.

"एकच," तो म्हणाला.

"कोणाची?"

"वयनीची," माणिकराव म्हणाला. "ल्हिवा. घर गयाबाईचं. आमी तिच्या चुलीवर हाव."

मी लिहायला घेतलं. आतून गयाबाईने आपल्या धाकट्या जावेला ताट पुढे करायला सांगितलं आणि मला हाक मारली.

"मुन्शीजी, समदं नीट ल्हिवून घ्या आदी. मग हात धुवा. तुमच्या साहेबाचा कायदा हाय त्यो."